शब्दचर्चा: ‘स्ट्रेस इन्टेन्सिटी फॅक्टर’ आणि क्रॅकसाठी मराठी शब्द

विचारणा (रत्नागिरी)
डिप्लोमाच्या मुलांना मराठीतून शिकवते. मिरकरवाड्याला बोटींचं काम चालतं तिथे नेलं की त्यांना विषय लगेच कळतो, फळ्यावर मात्र शब्दांपाशी अडतं. ‘स्ट्रेस इन्टेन्सिटी फॅक्टर’ म्हणजे ‘ताण तीव्रता गुणांक’ की ‘प्रतिबल केंद्रीकरण घटक’? आणि क्रॅकला भेग म्हणू, चीर म्हणू की तडा?

प्रतिसाद
मॅडम, ‘केंद्रीकरण’ आधी बाजूला काढा, ती राशीच वेगळी आहे. रुंद प्लेट ओढली आणि तिच्यात गोल भोक असलं, तर भोकाच्या कडेला प्रतिबल (स्ट्रेस, म्हणजे दर क्षेत्रफळावर येणारं बल) तिप्पट होतं. तो ३ म्हणजे केंद्रीकरणाचा गुणक. त्याला एकक नाही. भोक चपटं होत गेलं की हा आकडा वाढतो, हे ब्रिटिश अभियंता इंग्लिसने १९१३ मध्ये दाखवलं. टोक पूर्ण धारदार मानलं तर उत्तर अनंत येतं. मग तडा गेलेली कुठलीच वस्तू उभी राहायला नको, पण ती राहते! म्हणजे तड्यापुढे या गुणकाचा उपयोग संपला.

अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अर्विनने १९५७ मध्ये वाट काढली. तड्याच्या टोकाजवळ प्रतिबल टोकापासूनच्या अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात चढतं. चढण्याची रीत सगळीकडे तीच, जोर तेवढा कमीजास्त. तो जोर म्हणजे ‘के’, हाच तुमचा स्ट्रेस इन्टेन्सिटी फॅक्टर:

के = आकारगुणक × प्रतिबल × √(π × तड्याची लांबी)

आकारगुणक म्हणजे तुकड्याचा आणि तड्याचा आकार बघून येणारा आकडा; रुंद प्लेटच्या कडेला तडा असेल तर तो १.१२. प्रतिबल १०० मेगापास्कल आणि तडा ४ मिलिमीटर धरा. लांबी मीटरमध्ये घातली की के साधारण १२.५ येतो, एकक मेगापास्कल-वर्गमूळ-मीटर. तडा १६ मिलिमीटर झाला की के २५. लांबी चौपट, के दुप्पट. विमानांत वापरतात त्या ७०७५ अ‍ॅल्युमिनियमचा भंग-चिवटपणा (तुटण्याआधी धातू जास्तीत जास्त किती के सोसतो ते) साधारण २५ च्या घरात असतो, म्हणजे तिथे प्लेट तुटायला आली. मुलांकडून हे गणित हाताने करून घ्या. ते विचित्र एकक कुठून आलं ते आपोआप दिसतं.

म्हणून ‘गुणांक’ मला पटत नाही. गुणांक म्हटलं की पोरं नुसता आकडा लिहितात, एकक गाळतात. मी ‘प्रतिबल-तीव्रता’ एवढंच लिहीन. ‘ताण’ही नको. तडा उघडतो, सरकतो किंवा फाटतो, असे तीन प्रकार आहेत, आणि ताण म्हटलं की डोळ्यांपुढे फक्त ओढणं येतं.

क्रॅकला ‘तडा’च. क्रियापद बघा ना: भेग पडते, तडा जातो. भेग म्हटलं की सुकलेली जमीन किंवा टाच आठवते. आपल्याला पुढे जाणारी गोष्ट हवी. ‘चीर’ वाईट नाही, पण तिचं अनेकवचन ‘चिरा’, आणि कोकणात चिरा म्हणजे जांभ्याचा दगड. वर्गात गोंधळ नको.

प्रतिसाद (मालवण)
सर, मी वेल्डिंग करतो. प्लेटला तडा दिसला की टोकाला भोक मारतो, मग भरतो. ते याच हिशोबाने का?

प्रतिसाद
होय दादा, अगदी याच. धारदार टोक गेलं, गोल कड आली, म्हणजे पुन्हा तो केंद्रीकरणाचा साधा गुणक लागू झाला. फक्त भोक खऱ्या टोकावर पडायला हवं. डोळ्यांना दिसतं त्याच्या पुढेही तडा गेलेला असतो. लाल डाय (तड्यात शिरणारा रंग) मारा, थोडा वेळ मुरू द्या, वरून पुसा, मग पांढरा डेव्हलपर (आत मुरलेला रंग वर ओढणारा थर) फवारा. लाल रेघ उमटते ती जिथे संपेल तिथे सेंटर पंच करा. टोक भोकाच्या पुढे राहून गेलं तर मेहनत फुकट. आणि एक कळकळीने सांगतो, हे प्लेटपुरतं. प्रोपेलर शाफ्टला कधी करू नका. तिथे दर फेऱ्याला वाक उलटतो, त्यात खारं पाणी, त्याच भारात तडा लवकर वाढतो. शाफ्ट बदलाच.

विचारणारी
‘प्रतिबल-तीव्रता’ घेते, आणि ‘भंग-चिवटपणा’ही. पण ‘के’ आणि चिवटपणा दोन्हींचं एकक एकच, मुलं मिसळतील.

प्रतिसाद
मिसळतातच. दोन स्तंभ करून द्या. पहिल्यात भार आणि तडा यांवरून येणारा के, तो तड्याबरोबर वाढतो. दुसऱ्यात धातूचा चिवटपणा. तो चाचणीतून मिळतो, तडा वाढला म्हणून बदलत नाही. पहिला दुसऱ्याला गाठतो तेव्हा तुकडा पडतो.