आई हाडांची आठवड्याची गोळी सोडतेय, काय करू?

मालवणची_लेक:
आई ७१ वर्षांची, मालवणला एकटी राहते, आम्ही भावंडं मुंबईत. अंगणात शेवाळावर पाय घसरून मनगट मोडलं तेव्हा डेक्सा स्कॅनमध्ये (हाडांची घनता मोजतात तो) ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली निघाली, त्यावर अलेंड्रोनेट ७० एमजी गोळी आठवड्यातून एकदा दिलीय. गणपतीला घरी गेले तर स्ट्रिपा तशाच डब्यात. विचारलं तर "माका खंय काय दुखता? गोळ्यो कित्याक?" आणि वर म्हणते छातीत जळजळतं. रोज फोनवर ओरडणं मला जमणार नाही, तिच्याही ते मनाला लागतं.

मेडिकलवाला_कुडाळ:
ताई, आधी ती गोळी कशी घेते ते विचारा. आमच्याकडे बरीच म्हातारी माणसं चहाबरोबर घेतात नि परत जरा आडवी होतात, मग गोळी अन्ननलिकेत अडकून जळजळतं आणि चहाबरोबर अंगाला लागतही नाही. सकाळी उठल्यावर उपाशीपोटी, साध्या पाण्याचा अख्खा ग्लास, मग अर्धा तास चहा नाही, खाणं नाही, आडवं होणं तर अजिबात नाही. कॅल्शियम त्याच वेळी नको, दुपारी जेवणाबरोबर द्या. तरी जळजळलं किंवा गिळताना दुखलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना सांगा, नाहीतर ती मुकाट्याने बंद करेल आणि कोणाला कळणारही नाही.

वेंगुर्ल्याची_सून:
सासूबाईंचंही हेच होतं. त्यांचा सोमवारचा उपास असतो, तोच गोळीचा वार ठरवला. उठल्यावर गोळी, मग फुलं काढणं, पूजा, तोवर अर्धा तास होऊन जातो मग चहा. एखादा सोमवार चुकलाच तर आठवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी एकच, दोन एकदम नाही, पुढची परत सोमवारीच. आणि दुखत नाही म्हणतात ना, त्यांना सांगा हाड मोडेपर्यंत दुखतच नाही, गोळी दुखण्यावर नाहीच आहे, पुढच्या वेळी खुबा मोडू नये म्हणून आहे. खुबा मोडला की माणूस अंथरुणाला खिळतो हो, आमच्या वाडीत बघितलंय.

रत्नागिरी_७७:
गोळी झेपतच नसेल तर वर्षातून एकदा सलाईनमधून झोलेड्रोनिक ॲसिड देतात, किडनीची टेस्ट बघून. दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शनही आहे पण ते घेतलंत तर तारीख चुकवू नका, मध्येच सोडलं की मणके मोडायचा धोका वाढतो. एकट्या राहणाऱ्या माणसाला हे आधी सांगायलाच हवं.

मालवणची_लेक:
फोन केला आत्ता. चहाबरोबरच घेत होती! सोमवार तिलाही पटलाय, शेजारची काकू सकाळी फुलांना येते तिलाही सांगून ठेवते.