मरणाचे भय आणि सचोटी यांची एकत्र परीक्षा घेणारे साहित्य कोणते?

घोडबंदरकर

आमच्या संकुलातील ज्येष्ठांच्या वाचन मंडळाने पुढच्या बैठकीसाठी मरण हा विषय घेतला आहे. ‘या वयात हा विषय कशाला’ अशी कुरकुर झाली, पण ती करणाऱ्यांनीच नंतर सर्वांत जास्त सूचना दिल्या. तुकोबांचा ‘आपुले मरण पाहिले म्यां डोळां’ हा अभंग आणि मनाच्या श्लोकांतील ‘मरे एक त्याचा दुजा शोक वाहे’ ही ओळ लगेच पुढे आली. दोन्ही थोरच आहेत. मात्र दहाव्या-तेराव्याला ती इतक्यांदा कानांवरून गेली आहेत की ऐकणारा मान डोलावतो आणि मनात पंगतीला किती पाने लागतील याचा हिशेब करतो.

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. देह नश्वर आहे हे सांगणारे साहित्य आपल्याकडे उदंड आहे. मला असे लेखन हवे आहे, ज्यात भ्यालेल्या माणसाची सचोटी तपासली जाते. म्हणजे भीती समोर उभी असताना तो खऱ्याला धरून राहतो की नाही, आणि न राहिल्यास त्याचे पुढे काय होते, हे दिसते. वाचनाने मरणाची भीती कमी होते यावर माझा फारसा विश्वास नाही. पण भीती आपल्याकडून नेमके कोणत्या क्षणी खोटे वदवून घेते, हे चांगला लेखक नक्की दाखवू शकतो. तासाभरात मोठ्याने वाचून होईल एवढाच मजकूर सुचवावा, ही विनंती.

नौपाड्याची वाचक

काका, कठोपनिषद घ्या, पण यमापासून नव्हे, गायींपासून सुरुवात करा. नचिकेत्याच्या वडिलांनी सर्वस्व दान करण्याचा यज्ञ मांडला आहे आणि प्रत्यक्षात दक्षिणेला ज्या गायी निघाल्या आहेत त्यांचे पाणी पिऊन झाले आहे, गवत खाऊन झाले आहे, दूध देऊन झाले आहे. उपनिषदाने हे वर्णन अर्ध्या श्लोकात उरकले असले, तरी पुढची सगळी कथा त्यातूनच निघते. मुलाला ती फसवणूक दिसते. तो थेट आरोप करत नाही. ‘मला कोणाला देणार?’ असे तीनदा विचारतो आणि वडील संतापून ‘मृत्यूला देतो’ असे म्हणून जातात. नंतर ते शब्द मागे घेण्याचा मोह होणे स्वाभाविक होते, पण मुलगाच त्यांना सांगतो की मागचे लोक कसे वागले ते पाहा, माणूस धान्यासारखा पिकतो आणि धान्यासारखाच पुन्हा उगवतो. खोट्या दानापासून वडिलांना सोडवण्यासाठी तो मरणाच्या दारात जातो, आणि तिथे यम घरी नसल्यामुळे तीन रात्री उपाशी बसून राहतो.

पहिला वर तो काय मागतो, याकडेही लक्ष वेधावे. मोक्ष नाही, स्वर्ग नाही. वडिलांचा राग शांत व्हावा आणि परत आल्यावर त्यांनी आपल्याला ओळखून जवळ घ्यावे, एवढेच. तिसऱ्या वराच्या बदली यम हत्ती, घोडे, सोने, हवे तेवढे आयुष्य देऊ करतो, तेव्हा धनाने माणसाचे समाधान होत नाही, असे तो ठामपणे सांगतो. फक्त पहिली वल्ली, म्हणजे पहिले प्रकरण, वाचा. आत्म्याचे विवेचन सुरू झाले की बैठक कीर्तनाकडे झुकेल. सार्थ प्रत हवी असल्यास ठाणे स्टेशनजवळच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करावी. १८९३ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेत जुन्या सटीप आवृत्त्या पाहण्यातही आनंद आहे.

वाशीचा अभियंता

नचिकेत्याबद्दल आदर आहे, परंतु तो लहान मुलगा आहे आणि त्याच्या डोक्यावर घराचा हप्ता नाही. माझा अनुभव असा की माणसे मरणाच्या भीतीने क्वचितच खोटे बोलतात. ती त्याहून किरकोळ भीतींपायी बोलतात.

मी जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करतो. अहवालात सी-१ लिहिले की इमारत अतिधोकादायक ठरते आणि ताबडतोब रिकामी करून पाडावी लागते. सी-२बी लिहिले की लोकांना घरात राहू देऊन दुरुस्ती करता येते. एवढ्याशा फरकावर कितीतरी कुटुंबांचे बिऱ्हाड अवलंबून असल्यामुळे सोसायटीचे पदाधिकारी चहा पुढे करून ‘साहेब, बी नाही का होणार?’ असे विचारतात. ते दुष्ट नसतात. ज्या छताचा गिलावा सुटून आतली गंजलेली सळई उघडी पडली आहे, त्याच छताखाली बसून ते हे विचारत असतात. २०१३ साली शीळफाट्याजवळ इमारत कोसळून ७४ माणसे दगावली, हेही त्यांच्यापैकी प्रत्येकाला ठाऊक असते. तरी त्यांना स्लॅबचे भय वाटत नाही, भाड्याचे वाटते.

म्हणून मी नॉर्वेचा नाटककार इब्सेन याचे १८८२ मधील ‘अ‍ॅन एनिमी ऑफ द पीपल’ हे नाटक सुचवेन. गावाचे उत्पन्न ज्या औषधी स्नानगृहांवर चालते त्यांचे पाणी दूषित असल्याचे डॉक्टर स्टॉकमनच्या लक्षात येते. आरंभी वर्तमानपत्रवाले आणि घरमालकांच्या संघटनेचा प्रमुख त्याच्या बाजूने असतात. दुरुस्तीचा खर्च नागरिकांच्या खिशातून जाणार आहे हे कळताच ते पाठ फिरवतात. विरोधाचे नेतृत्व त्याचा सख्खा भाऊ, म्हणजे गावाचा महापौर करतो. पुढे सासरा मुलीसाठी आणि नातवंडांसाठी ठेवलेल्या पैशांतून त्याच स्नानगृहांचे समभाग विकत घेऊन येतो, आणि आता डॉक्टरचे खरे बोलणे म्हणजे स्वतःच्याच मुलांचे नुकसान, अशी कोंडी होते. शेवटी स्टॉकमन स्वतःच्या एकटेपणावर जरा जास्तच खूश होतो, हे मला खटकते. पण चहाच्या टेबलावरचा दबाव इतका अचूक रंगवलेला मी दुसरीकडे वाचलेला नाही.

घोडबंदरकर

नाटक उत्तम आहे, पण त्यात मरण जवळजवळ नाहीच. मृत्युशय्येजवळची सचोटी कुठे सापडेल का?

कळव्याची परिचारिका

टॉलस्टॉयच्या १८८६ मधील ‘द डेथ ऑफ इव्हान इलिच’चे सातवे प्रकरण घ्यावे. न्यायाधीश असलेला इव्हान अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी मरतो आहे, आणि वेदनेपेक्षाही त्याला जास्त छळते ते घरच्यांचे व डॉक्टरांचे खोटे बोलणे. तो फक्त आजारी आहे, औषध घेतले की बरा होईल, असे सगळे त्याला आणि एकमेकांना भासवत असतात. गेरासिम हा शेतकरी घरातील तरुण नोकर तेवढा ते नाटक करत नाही. तो शौचाचे भांडे उचलतो, मालकाला बरे वाटते म्हणून त्याचे पाय स्वतःच्या खांद्यावर घेऊन रात्र-रात्र बसतो, आणि आपण सगळेच मरणार आहोत, मग एवढ्या कष्टांचे काय, असे साधेपणाने बोलून जातो.

माझ्या कामात ‘सिस्टर, बाबांना काही सांगू नका’ ही विनंती नित्याची आहे. बाबांना बहुधा सर्व माहीत असते. उलट ‘मुलांना कळू देऊ नका’ असे तेच मला बजावतात, आणि मग एकाच खोलीत दोन्ही बाजू एकमेकांना जपण्यासाठी खोटे बोलत राहतात. त्या माणसाला बोलायचे असते ते कर्जाबद्दल, भावाशी तुटलेल्या संबंधांबद्दल, आणि ते राहून जाते. कथेच्या शेवटी मरणाच्या जागी प्रकाश दिसतो, ते मला पटलेले नाही. पाय खांद्यावर घेण्याचे मात्र शंभर टक्के खरे आहे. उशीने जो आराम मिळत नाही तो पाय धरणाऱ्या माणसाने मिळतो.

बेलापूरकर

प्लेटोने लिहिलेले सॉक्रेटिसचे न्यायालयातील भाषण विसरू नये. मरणाला भिणे म्हणजे जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचा आव आणणे, हा युक्तिवाद प्रसिद्धच आहे, पण मला त्यातील लिऑनचा प्रसंग मोठा वाटतो. अथेन्समधील तीस सत्ताधाऱ्यांनी सॉक्रेटिसासह पाच जणांना सॅलॅमिसहून लिऑन नावाच्या माणसाला ठार मारण्यासाठी पकडून आणण्याची आज्ञा दिली. चौघे गेले, सॉक्रेटिस घरी गेला. ती सत्ता लवकर कोसळली नसती तर त्याबद्दल आपला जीव गेला असता, हे तो स्वतःच सांगतो.

वाशीचा अभियंता

आणि लिऑन मारला गेलाच. मी सी-१ लिहायचे टाळून नुसता घरी गेलो, तर माझे हात स्वच्छ राहतील, रहिवाशांचे काय?

बेलापूरकर

आक्षेप रास्त आहे. मात्र तुमच्याजवळ अहवाल लिहिण्याचा अधिकार आहे. त्याच्यापुढे त्या दिवशी जाणे किंवा न जाणे एवढेच होते. लिऑनला आधी निरोप धाडता आला असता का, याबद्दल तो भाषणात काहीच बोलत नाही, हे मलाही खुपते.

घोडबंदरकर

सर्वांचे आभार. पहिली वल्ली आणि इव्हानचे सातवे प्रकरण वाचायचे, लिऑनचा उतारा चर्चेला ठेवायचा, असे ठरवतो आहे. नाटक तासात बसणार नाही. अभियंता महोदयांनी स्वतः येऊन ते सांगावे. आमच्या इमारतीलाही तिसावे वर्ष लागले आहे, त्यामुळे श्रोते सावध असतील. वाशीहून लोकल ठाण्याला वेळेवर पोचते, पण पुढे घोडबंदर रस्त्यासाठी तासभर हाताशी ठेवावा.