मदत हवी आहे: थंडीत व्हायनिल साइडिंग प्रेशर वॉशरने धुण्याबाबत

न्यू जर्सीतील आमच्या दुमजली घराच्या उत्तरेकडील व्हायनिल साइडिंगवर (बाहेरच्या भिंतीवर लावलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या आवरणावर) हिरवट शेवाळ चढले आहे आणि घर लवकरच विक्रीला काढायचे असल्याने वसंत ऋतूपर्यंत थांबता येणार नाही. सध्या दुपारी तापमान ५ ते ८ अंश सेल्सिअस असते, पहाटे ते शून्याखाली जाते. साबणाचे पाणी आणि लांब दांड्याचा मऊ ब्रश वापरून खालचा भाग स्वच्छ झाला. मात्र वरच्या खिडक्यांभोवती, पट्ट्यांच्या सांध्यांत बसलेले शेवाळ हटत नाही. म्हणून तिथे प्रेशर वॉशर, म्हणजे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुणारे यंत्र, वापरायचा विचार आहे. माझे यंत्र विजेवर चालणारे, १,८०० पीएसआय (दाबाचे एकक) दाबाचे असून त्याला ४० अंशांच्या कोनात फवारा पसरवणारे नोझल आहे. शिडीवर उभे राहून ते चालवायचे नाही, हे पक्के आहे. थंडीत व्हायनिल ठिसूळ होते, हे ठाऊक आहे. पण फवारा खालून वर मारावा लागल्यास पाणी साइडिंगमागे शिरून तिथेच गोठेल, याची मला अधिक धास्ती वाटते. भिंतीलगतची काँक्रीटची पायवाट शेजारचे वृद्ध दांपत्यही वापरते, त्यामुळे तिच्यावर रात्री बर्फ जमता कामा नये. काम झाल्यावर पंपातील पाणी काढून त्यात अँटीफ्रीझ (थंडीत न गोठणारा द्रव) भरणार आहे.

ऊन अजिबात न लागणारी ही भिंत सूर्यास्तापूर्वी कोरडी व्हावी, यासाठी किमान किती तापमानाच्या दिवशी आणि किती वाजेपर्यंत धुणे सुरक्षित ठरेल, आणि जमिनीवर उभे राहून वरच्या सांध्यांपर्यंत पोहोचण्यासाठी आपण कोणते साधन वापरले आहे?