प्रतिसाद: चूक मनगटात नसून पायांत असावी

सॉफ्टबॉलमध्ये पिचिंग करताना, म्हणजे फलंदाजाकडे खालून चेंडू फेकताना, आपल्या बारा वर्षांच्या मुलीचा चेंडू वारंवार उंच जातो, असे आपण विचारले आहे; त्यावर आधीच्या प्रतिसादात मनगटाचा झटका वाढवण्याचा सल्ला दिला गेला आहे. त्याच्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. खालून फेकलेला चेंडू उंच जातो तो बहुधा उशिरा सुटल्यामुळे, म्हणजे हात मांडीजवळून पुढे निघून गेल्यावर बोटे सुटल्यामुळे. या उशिराचे मूळ मला अनेकदा पायांत आढळले आहे. पुढचे पाऊल टेकल्यावर गुडघा ढिला पडला तर शरीर पुढे वाहत जाते, हाताला थांबलेला आधार मिळत नाही आणि चेंडू सुटण्याची जागा प्रत्येक वेळी बदलते.

म्हणून पिचरच्या पट्टीपासून (जिथून चेंडू फेकतात) होमप्लेटपर्यंत (जिथे फलंदाज उभा असतो) खडूने सरळ रेघ ओढावी, पुढचे पाऊल त्या रेघेवर किंवा अगदी जवळ पडते का ते पाहावे आणि कंबरेत पुढे वाकण्याची सवय असल्यास ती आधी मोडावी, कारण वाकलेल्या शरीरात नितंब हाताच्या वाटेत येतो. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पट्टी ते होमप्लेट हे अंतर 43 फूट, म्हणजे सुमारे 13.11 मीटर असते. सरावाची सुरुवात मात्र त्याच्या निम्म्या अंतरावरून, वेगाचा विचार न करता करावी. बाजूने मोबाइलवर संथ गतीचे चित्रीकरण केल्यास चूक तिला स्वतःलाच दिसेल (आपण ओरडून सांगण्यापेक्षा ते बरे). खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर मात्र त्या दिवशी फेक थांबवावी.