मदत हवी आहे: कॉलेजच्या अडगळीतले जुने संगणक भंगारात जाण्याआधी सोडवायचे आहेत. आधी काय उचलावं?

बसस्लॉट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या गावाजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या संगणक विभागाची जुनी स्टोअररूम रिकामी होते आहे. निर्लेखनाचा (जुन्या वस्तू नोंदीतून काढून टाकण्याचा) प्रस्ताव समितीपुढे आहे. सही झाली की सगळा माल ई-कचऱ्यात जाणार. विभागप्रमुखांची माल द्यायला हरकत नाही, पण "काय हवं त्याची यादी लेखी द्या" असं म्हणाले आहेत.

खोलीत आहे ते असं: सन कंपनीची दोन स्पार्कस्टेशन ५ वर्कस्टेशनं, त्यांचा एकच कीबोर्ड आणि एक २० इंची मॉनिटर. देशी जुळणीचे सहा ३८६ पीसी, त्यांतल्या एकात 'जिस्ट' असं छापलेलं कार्ड. एक पीसी-एक्सटी, त्यात सीगेट एसटी-२२५ हार्ड डिस्क. आठ ८०८५ किट (मायक्रोप्रोसेसर शिकवायचे बोर्ड). सव्वापाच इंची फ्लॉप्यांचे चार डबे, बऱ्याच फ्लॉप्यांवर पांढरी बुरशी. काही टेप कार्ट्रिज, नेटवेअर या जुन्या नेटवर्क सॉफ्टवेअरची मॅन्युअलं, नेटवर्कच्या कोॲक्स केबलची भेंडोळी. छत गळकं आहे आणि उंदरांचा वावर स्पष्ट दिसतो.

छोट्या टेंपोची एकच खेप शक्य आहे, म्हणजे सगळं येणार नाही. क्रम कसा लावू? तिथेच चालू करून पाहू का? आणि ३८६ च्या एका बोर्डावर बॅटरीभोवती निळसर-हिरवी पूड आहे, तिचं काय करू?

---

सिरीजबोर्ड

तिथे काहीही चालू करू नका. पंधरा-वीस वर्षं दमट खोलीत पडलेल्या यंत्राला थेट २३० व्होल्ट दिले, तर जे शाबूत आहे तेही जाऊ शकतं, आणि "चालत नाही" एवढ्या एका शेऱ्यावर समिती ते भंगारात ढकलेल.

खोलीत शिरताना एन-९५ मास्क आणि रबरी हातमोजे घाला. उंदरांच्या मुतातून लेप्टो होतो, म्हणून कोरडा झाडू अजिबात मारू नका. ब्लीचचं पातळ पाणी खोक्यांच्या बाहेरून फडक्याने लावा, दहा मिनिटं थांबा, मग पुसा. बोर्डांवर ब्लीच जाता कामा नये.

आता ती निळी पूड. ३८६ वर किबोर्ड सॉकेटजवळ ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते, बहुतेक वेळा निळ्या किंवा हिरव्या वेष्टनातली. तिच्यातलं अल्कधर्मी द्रावण गळून तांब्याच्या रेघा खातं आणि बोर्ड नुसता पडून असला तरी ते थांबत नाही. त्यामुळे सहाही बोर्डांच्या बॅटऱ्या त्याच दिवशी, टेंपोत चढवण्याआधी, कटरने पाय कापून काढा. डिसोल्डरिंग नंतर करता येईल. काढलेल्या बॅटऱ्या वेगळ्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा.

घरी आल्यावर स्वयंपाकातलं पांढरं व्हिनेगर कापसाच्या काडीने फक्त पूड असलेल्या भागावर लावायचं. फसफस थांबेपर्यंत काड्या बदलत राहा. मग डिस्टिल्ड वॉटरने भरपूर धुवा, त्यावर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पंख्याखाली दोन दिवस. व्हिनेगर धुतलं नाही तर त्यानेच बोर्ड गंजतो. लोक घाई करतात ती इथेच. नंतर मल्टिमीटरच्या बीपवर बॅटरीपासून किबोर्ड कंट्रोलरपर्यंतची प्रत्येक रेघ तपासा. वरून चकचकीत दिसणारी रेघ भोकाच्या आत तुटलेली असते, आणि मग बोर्ड सुरू होतो पण किबोर्ड चालत नाही.

नवी बॅटरी म्हणून सीआर२०३२ (नाण्यासारखा लिथियम सेल) बसवायची तर मधे १एन४१४८ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) हवाच, पट्ट्याची बाजू बोर्डाकडे. मूळ सर्किट बॅटरी चार्ज करतं आणि लिथियम सेल चार्ज करणं धोक्याचं आहे. बऱ्याच बोर्डांवर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांचा हेडर असतो. तो असेल तर तीन एए सेलचा डबा वायरने लांब लावा. गळला तरी बोर्डाला इजा नाही.

---

नोंदवही

कागदाची बाजू आधी, कारण वेळ तिथेच जातो.

विभागात डेड स्टॉक रजिस्टर (टिकाऊ वस्तूंची नोंदवही) असेल. प्रत्येक वस्तूसमोर त्यातला पान क्रमांक, नोंद क्रमांक, यंत्राचा सिरियल नंबर आणि "जसे आहे तसे" अशी स्थिती लिहून यादी द्या. "जुने संगणक ६ नग" अशी मोघम यादी दिलीत तर ती समितीतून परत येते. किबोर्ड, केबल, मॅन्युअल यांची बहुधा वेगळी नोंदच नसते, म्हणून "अनुषंगिक साहित्यासह" हे शब्द यादीत हवेतच, नाहीतर गेटवर तेच काढून घेतील.

ई-कचरा (व्यवस्थापन) नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. वर्षभरात कधीही किमान १००० उपकरणं वापरात असलेली संस्था 'मोठा ग्राहक' ठरते, आणि तिने ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारे किंवा पुनर्चक्रण करणारे यांनाच द्यायचा असतो. कॉलेज त्यात बसत असेल, तर एकदा तुमचा माल कागदावर ई-कचरा झाला की मग प्राचार्यांची इच्छा असूनही तो तुम्हाला देता येत नाही. म्हणून निर्लेखनाच्या ठरावातच या वस्तू वेगळ्या काढून "दुरुस्ती व अध्यापनासाठी हस्तांतरण" असं लिहून घ्या. फुकट मागण्यापेक्षा नाममात्र रक्कम भरून पावती घ्या, लेखापरीक्षणात संस्थेला ते सोयीचं जातं. एखादं यंत्र अनुदानातून घेतलेलं असेल तर अनुदान देणाऱ्याची परवानगी लागू शकते, हे आजच विचारा.

शेवटी गेटपास. त्यावर नग मोजून लिहिलेले असावेत.

---

ओके_प्रॉम्प्ट

स्पार्कस्टेशनबद्दल. दोन्ही घ्या. मॉनिटर मात्र सगळ्यात शेवटी, जागा उरली तरच. तीस किलोच्या आसपासचं ते धूड टेंपोत जेवढी जागा खाईल तेवढ्यात आठही किट बसतील. शिवाय ही यंत्रं मॉनिटरशिवाय उत्तम चालतात: किबोर्ड काढून ठेवला की ती आपोआप पहिल्या सिरियल पोर्टवर बोलतात. ९६०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. नल मोडेम केबल आणि यूएसबी-सिरियल जोडणी एवढं पुरे. मॉनिटर नेलाच तर जाड गादीवर काच खाली करून ठेवा, मागच्या नळीच्या मानेवर भार येऊ देऊ नका.

सनचा किबोर्ड पीएस/२ सारखा दिसला तरी त्याला ८ पिना आहेत आणि तो अदलाबदल होत नाही. त्यामुळे तो मिळतोय तर घ्याच.

चालू केल्यावर 'आयडीप्रॉम' (यंत्राची ओळख साठवणारी नोंद) अवैध असल्याचा संदेश येणार हे धरून चला. यंत्राचा इथरनेट पत्ता आणि होस्ट आयडी एम४८टी०८ या चिपमध्ये असतो, बॅटरी चिपच्या आतच बंद असते आणि ती केव्हाच संपलेली असते. चिप सॉकेटमध्ये आहे, सहज निघते. पण काढण्याआधी तिच्यावरच्या बारकोडच्या लेबलाचा स्वच्छ फोटो घ्या. पत्त्याचे शेवटचे तीन बाइट बहुधा त्या लेबलावर असतात आणि पहिले तीन सनचे ठरलेले, ८:०:२०. नवीन चिप घेताना तिच्यावरचा तारीख-कोड पाहा. 'न वापरलेली' म्हणून विकली जाणारी १९९० च्या दशकातली चिप तितकीच मेलेली असते.

नव्या चिपमध्ये ओळखीचे १६ बाइट ओके प्रॉम्प्टवरून (यंत्राच्या 'ok' या आज्ञा-ओळीवरून) भरायचे. पहिला ०१, दुसरा यंत्राचा प्रकार, या यंत्रासाठी हेक्स ८०. मग सहा बाइट पत्ता, चार बाइट तारीख, तीन बाइट होस्ट आयडी. शेवटचा बाइट म्हणजे आधीच्या पंधरांचा एक्सॉर (बिटनिहाय पडताळा). तो चुकला तर सगळं बरोबर असूनही तोच संदेश पुन्हा येतो.

आतल्या डिस्कला ८० पिनांचा एससीए जोड आहे, साध्या ५० पिनांच्या केबलवर ती लागत नाही. डिस्कची चौकट हरवू देऊ नका. नेटबीएसडी ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम या यंत्रांवर चालते, आणि सनची मूळची हवी असेल तर सोलारिस ९ पर्यंत.

---

शिरोरेखा

तुमच्या यादीतली सगळ्यात मोलाची वस्तू ते जिस्ट कार्ड आहे, आणि ती एका ओळीत येऊन गेली! सनची यंत्रं जगभर संग्राहकांकडे आहेत, त्यांची मॅन्युअलं स्कॅन झालेली आहेत. डॉसवर देवनागरी दाखवणाऱ्या सी-डॅकच्या कार्डांची तशी काळजी कुणी घेतलेली नाही. टेंपोत एकाच पीसीची जागा असेल तर तो पीसी हाच.

कार्ड पीसीतून काढू नका. बोर्डाची बॅटरी तेवढी कापा, बाकी पीसी आहे तसा न्या. कार्डाला केबल लावलेली असेल तर कुठून कुठे जाते याचे फोटो घ्या, आणि डब्यांतून 'जिस्ट' किंवा 'इनस्क्रिप्ट' (भारतीय लिप्यांची कळमांडणी) लिहिलेल्या फ्लॉप्या आणि किबोर्डवर चिकटवायच्या कळपट्ट्या शोधा. कार्ड आहे आणि ड्रायव्हर नाही, तर हातात नुसता हिरवा पत्रा राहतो.

त्या डिस्कवरचा मराठी मजकूर बहुधा आयएससीआयआय (इस्की) या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतात (आयएस १३१९४:१९९१) असेल. आधुनिक संपादकात तो कचऱ्यासारखा दिसतो म्हणून कुणी पुसून टाकू नये. आयसीयू या मुक्त लायब्ररीच्या 'यूकन्व्ह' साधनात हा संकेत आहे, आवृत्ती ० म्हणजे देवनागरी. जुन्या फाँट-संकेतातल्या फायली मात्र वेगळ्या, त्यांना त्या त्या फाँटचा तक्ता लागतो.

८०८५ किटही सगळी घ्या, पॉवर सप्लायसकट. त्यांवरही छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी असू शकते. खिडकीवाल्या ईप्रॉमवरचं (अतिनील प्रकाशाने पुसल्या जाणाऱ्या मेमरी चिपवरचं) स्टिकर सुटलं असेल तर लगेच काळी टेप लावा आणि प्रोग्रामरवर आतला मजकूर वाचून ठेवा.

---

बसस्लॉट

सर्वांचे मनापासून आभार. जिस्टबद्दल खरंच कल्पना नव्हती. यादी त्याच क्रमाने करतो. आणखी दोन अडचणी. एक: कॉलेज म्हणतं, हार्ड डिस्क ड्रिल मारूनच देऊ, विद्यार्थ्यांची माहिती आहे. दोन: बुरशीच्या फ्लॉप्या आणि टेप नेऊन उपयोग आहे का?

---

ट्रॅकशून्य

कॉलेजची काळजी रास्त आहे, उपाय मात्र चुकीचा. त्यांना लेखी पर्याय द्या: डिस्कची प्रतिमा (हुबेहूब डिजिटल प्रत) त्यांच्या माणसासमोर काढायची, ती त्यांच्या ताब्यात द्यायची, विद्यार्थ्यांच्या फायली पुसायच्या आणि ऑपरेटिंग सिस्टिम व ड्रायव्हर राहू द्यायचे. जिस्टवाल्या पीसीसाठी एवढा आग्रह धराच. बाकी पाच ३८६ च्या डिस्क त्यांच्याकडे राहिल्या तरी चालेल. तिथे कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आणि आयडीई अडॅप्टर लावता येतं.

एसटी-२२५ ची गोष्ट निराळी. ६१५ सिलिंडर, ४ हेड, १७ सेक्टर, २० एमबी. वीज गेल्यावर ती हेड आपोआप बाजूला नेत नाही, म्हणून प्रवासात धक्का अजिबात नको: फोममध्ये गुंडाळून मांडीवर न्या. तिचं कंट्रोलर कार्ड आणि दोन्ही केबल (३४ आणि २० पिनांची) तिच्याबरोबरच राहिल्या पाहिजेत. लो-लेव्हल फॉरमॅट (डिस्कवर सेक्टर आखण्याची पद्धत) कंट्रोलरनुसार बदलतो. दुसरं कार्ड लावलं तर डिस्क रिकामी किंवा खराब भासते, आणि मग माणूस फॉरमॅट मारून मोकळा होतो.

एक्सटीला वीज देण्याआधी १२ व्होल्टची पिवळी वायर आणि काळी (ग्राउंडची) वायर यांमधला रोध मोजा. दोन-चार ओहम आला तर एखादा टँटलम कपॅसिटर शॉर्ट आहे. कार्डं एकेक काढून पुन्हा मोजा, दोषी सापडतो. मूळ १६ व्होल्टचा असेल तर २५ किंवा ३५ चा लावा. पहिली वीज १०० वॉटच्या बल्बच्या सिरीज बोर्डातून (यंत्राच्या वाटेत बल्ब जोडलेला बोर्ड). बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर लगेच बंद. ३८६ मध्ये पी८-पी९ (बोर्डाला वीज देणारे दोन जोड) जोडताना काळ्या वायरी मधोमध शेजारी शेजारी. उलटं जोडलं की बोर्ड संपला.

बुरशीच्या फ्लॉप्या न्या, पण एकही ड्राइव्हमध्ये घालू नका. बुरशी हेडवर चिकटते आणि पुढच्या प्रत्येक फ्लॉपीवर ओरखडा पाडते. वरच्या कडेने जॅकेट कापून चकती काढा, कुठली बाजू वर होती ते मधल्या कड्याजवळ खुणेने नोंदवा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून बोटाने हलके धुवा, साध्या डिस्टिल्ड वॉटरने विसळा, सावलीत वाळवा आणि एखाद्या स्वच्छ निकामी फ्लॉपीच्या जॅकेटमध्ये घालून वाचा. वाचायला १.२ एमबीचा ड्राइव्ह आणि ग्रीजविझल बोर्ड (जुना फ्लॉपी ड्राइव्ह यूएसबीवर जोडणारा). ३६० केबीच्या फ्लॉपीवर या ड्राइव्हने लिहू मात्र नका, त्याचा ट्रॅक अरुंद असतो. बाजूच्या खाचेवर चिकटपट्टी लावली की लिहिणं बंद होतं, ती आधीच लावून ठेवा.

टेप न्या, वाचायची घाई नको. जुन्या टेप ड्राइव्हचा रबरी रोलर डांबरासारखा चिकट झालेला असतो आणि कार्ट्रिजमधला ताणपट्टा पहिल्याच फिरण्यात तुटतो. लेबलांचे फोटो काढून कोरड्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा.

---

सिरीजबोर्ड

भरताना एक लक्षात असू द्या: बॅटरी असलेलं कुठलंही कार्ड ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळू नका, शॉर्ट होतं. वर्तमानपत्रही नको, पावसाळ्यात ओल धरतं. अँटिस्टॅटिक पिशव्या नसतील तर पुठ्ठ्याच्या खोक्यात कार्डं उभी, मधे पुठ्ठा.

कोॲक्सची भेंडोळी सोडून द्या, पण टी-जोड आणि ५० ओहमचे टर्मिनेटर (केबलच्या टोकांना लावायच्या टोप्या) खिशात टाका. नेटवेअर पुन्हा उभं करायचं झालं तर केबल कुठूनही आणता येईल, दोन टोकांना टर्मिनेटर नसतील तर नेटवर्क चालणार नाही.