सासूबाईंना क्वार्टरवर न्यायचं की गावी ठेवायचं?

दारव्ह्याची सून
आमचे हे फौजेत नाईक आहेत. दीड वर्ष वेटिंगवर नाव होतं, मागच्या वर्षी अंबाल्याला क्वार्टर मिळालं. या दिवाळीत गावी आलो तर अख्ख्या आळीचा एकच प्रश्न, "मायले कधी नेता?" सासरे दोन वर्षांपूर्वी गेले. सासूबाईंनी साठी ओलांडली आहे. तीन एकर कोरडवाहू आणि एक गाय. शिव्या खायची तयारी ठेवून सांगते, त्यांना कायमचं न्यायला माझा विरोध आहे.

मागच्या हिवाळ्यात दोन महिने आल्या होत्या. दुसरा मजला, दोन खोल्या, अरुंद बाल्कनी. पहाटे चारला उठायची सवय, पण उठून करणार काय? ना अंगण, ना सडा, ना शेण. बाल्कनीत बसून खालच्या स्कूटर मोजायच्या. शेजारीण तामिळ, वरची हिमाचलची, आणि ह्यांची हिंदी 'पानी' आणि 'खाना'वर संपते. धुक्यात आठ-आठ दिवस ऊन नाही, खोलीत शेगडी पेटवायला मनाई. एक दिवस भिंतीला नाक लावून म्हणाल्या, "बाई, मले इथं माह्या गायीचा वास येते." त्याच संध्याकाळी मी परतीचं तिकीट काढायला लावलं. गावात बोभाटा झाला, सुनेनं हाकललं.

तीन एकरवाला
ताई, गायीचा वास ऐकायला गोड आहे. आता माझं ऐका. मी पुण्यात कंपनीत, भाऊ फौजेत, माय गावी एकटी. न्हाणीत घसरून पडली. रात्रभर तशीच पडून होती. सकाळी दूध घालायला आली नाही म्हणून शेजारीण बघायला गेली, तेव्हा कळलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. भावाच्या क्वार्टरला तेव्हा एक खोली जवळपास रिकामीच होती, पोराचा अभ्यास म्हणून. आम्ही सात जण एका खोलीत वाढलो हो. जागा क्वार्टरमध्ये कमी पडत नाही.

माजी हवालदार, वणी
दोघंही भावनेवर चालले. आदी कागद पाहा. फौजेत फॅमिली म्हनजे बायको-पोरं, मायबाप आपोआप त्यात येत नाई. मायले डिपेंडंट दाखवा लागते, पार्ट टू ऑर्डर, म्हनजे युनिटच्या दप्तरातली नोंद, निघते, मंग कार्ड बनते. अट अशी का मायबापाचं उत्पन्न महिना ९००० रुपये अधिक त्याच्यावरचा महागाई भत्ता, याच्या आत पाह्यजे. कार्ड असन तं मिलिटरी हॉस्पिटलमंदी इलाज. नसन तं तुमची माय गेटवर पाव्हनी, रोज पासची कटकट.

अन् तिच्यासंग दीर-भाचे आनू नका. आमच्या युनिटमंदी एकानं साळ्याले भरतीच्या तयारीसाठी ठेवलं, न विचारता. महिना-दीड महिन्यात बोलावनं आलं, गड्याचं तोंड पाह्यण्यासारखं झालं होतं.

दुसरं म्हनजे, पीस स्टेशन, जिथं कुटुंब ठेवता येते, ते दोन-तीन वर्षांचं. फील्ड पोस्टिंग, जिथं कुटुंब नेता येत नाई, ती आली का जवान एकटा वर, बायको-पोरं सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमंदी, तेही भेटलं तं. २००२ पासून मॅरिड अकोमोडेशन प्रोजेक्ट चालू झाला, घरं लय बांधली, पन वेटिंग लिस्ट काई सरत नाई. मंग बुढीले घेऊन कुठं फिरसान?

(कामठीची छावनी १८२१ सालची, आपल्या दारात. पन आपल्या भागातल्या पोराले तिथं पोस्टिंग भेटन तं शप्पथ.)

क्वार्टर नंबर आठ
हवालदार काका, फिरलो की आम्ही. सहा वर्षं, तीन स्टेशनं, सासूबाई सोबत. गुडघ्याचा डॉक्टरचा कागद जोडून अर्ज केला, पुढच्या स्टेशनला तळमजला मिळाला. मागच्या चार हात जागेत त्यांनी मिरची आणि अंबाडी लावली. त्यांच्या ठेच्यासाठी पंजाबी शेजारणी वाट्या घेऊन यायच्या. हिंदी? अजून येत नाही. काही अडलं नाही.

आणि फील्डचं म्हणाल तर तेव्हाच त्या हव्या होत्या. हे वर असताना रात्री दोनला मोठीला ताप चढला. मी तिला उचलून हॉस्पिटलला पळाले, दीड वर्षाचा धाकटा झोपेत. सासूबाई नसत्या तर त्याला कुठं ठेवला असता? सगळे बोलतात आम्ही त्यांना सांभाळतो. माझ्या घरी उलटं होतं.

दारव्ह्याची सून
तळमजल्याचं मला सुचलंच नव्हतं. ते मान्य. पण तुमच्या सासूबाईंच्या मागे वावर होतं का? आमच्या दर वर्षी म्हणतात, "कापसाची वेचनी होऊ द्या, मंग पाहू." वेचणी झाली की तूर, तूर झाली की गाय व्याली. त्यांना यायचंच नाही, असं मला वाटतं. सांगायची चोरी आहे, कारण मग गाव म्हणेल मुलाकडं करमत नाही.

क्वार्टर नंबर आठ
वावर होतं. ठोक्यानं, म्हणजे ठरलेल्या रकमेवर दुसऱ्याला कसायला दिलं. पहिल्या वर्षी रडल्या, हे खरं.

गुरुजी
मघापासून वाचतोय. सुनेला गाव विचारतं, सुनेलाच इथे विचारलं जातं. ज्यांची माय, ते नाईकसाहेब काय म्हणतात?

दारव्ह्याची सून
"तू आणि आई ठरवा."

माजी हवालदार, वणी
हे बरं हाय. वीस वर्षं ऑर्डर ऐकून ऐकून घरी ठरवनंच सोडून देते गडी. मीबी असाच होतो, खोटं काहून बोलू.

तीन एकरवाला
काका, एक विचारतो. आता मायला भाऊ नेणार म्हणतो, पण सातबारा तिच्या नावावर आहे. कार्ड अडेल का?

माजी हवालदार, वणी
तहसीलातून उत्पन्नाचा दाखला काढा, मंग युनिटमंदी द्या. बाकी बाबू, तीन एकर कोरडवाहू पऱ्हाटी. बियानं, फवारनी, मजुरी वजा करून ते उत्पन्न महिना ९००० च्या वर जाईन, अशी भीती वाटते का तुले?