हॉल्सवेलचं १९०८ चं सुवर्ण: कमावलेलं की पदरात पडलेलं?

पायवाट:
लंडन ऑलिंपिक, २३ जुलै १९०८. चारशे मीटरची अंतिम शर्यत. कारपेंटर, रॉबिन्स, टेलर हे तीन अमेरिकन आणि एकटा ब्रिटिश, लेफ्टनंट विंडहॅम हॉल्सवेल. शेवटच्या टप्प्यात हॉल्सवेल बाहेरून पुढे जायला लागला, तसा कारपेंटर तिरका धावत त्याच्या वाटेत सरकत गेला. पंच ‘फाउल’ ओरडले, शर्यत रद्द झाली, कारपेंटर बाद. २५ तारखेला ती पुन्हा ठेवली, तर उरलेले दोघे आलेच नाहीत. हॉल्सवेल एकटा धावला.

३१ मार्च १९१५ ला फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलजवळ जखमी सहकाऱ्याला आणायला गेला आणि स्नायपरची गोळी लागून गेला. वय ३२.

‘फुकटचं पदक’ असं कुणी म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं. ते त्याचंच होतं.

तिसरी लेन:
साफ असहमत. अमेरिकेत तेव्हा असं अडवणं चालायचं. इथे मैदान ब्रिटिशांचं, पंच ब्रिटिश, नियमही ब्रिटिश. आणि तो लढाईत गेला याचा मला आदर आहे, पण त्यामुळे सात वर्षं आधीच्या शर्यतीचा निकाल योग्य ठरत नाही.

पायवाट:
मरणाचा आधार मी घेतच नाहीये. कोळशाच्या राखेचा ट्रॅक होता, त्यावर कारपेंटरच्या स्पाइक्सचे ठसे उमटले होते आणि ते आतून बाहेरच्या कडेकडे गेलेले पंचांनी पाहिले. नियम ब्रिटिश होते, पण ते चौघांनाही सारखेच लागू होते.

तिसरी लेन:
मग हॉल्सवेलचंच पत्र घ्या. कारपेंटरने जोरात कोपर मारलं नाही, छातीवर वळही नव्हते, असं त्याने स्वतः वर्तमानपत्राला कळवलं होतं.

पायवाट:
त्याच पत्रात कोपर छातीला लागलं, हेही आहे. स्वतःच्या बाजूने फुगवून सांगायची आयती संधी असताना जो ‘वळ नव्हते’ लिहितो, त्याच्या उरलेल्या शब्दावर माझा विश्वास बसतो.

संथगती:
आधीच्या फेरीत त्याने ४८.४ सेकंदांचा ऑलिंपिक विक्रम केला होता. १९०६ मध्ये तर स्कॉटिश स्पर्धेत एकाच दिवशी १००, २२०, ४४० आणि ८८० यार्ड, चारही शर्यती जिंकल्या. कुणी अडवलं नसतं, तर असा माणूस ती शर्यत जिंकू शकला असता. (जाता जाता: त्याची पलटण ब्रिटिश भारतीय सैन्याच्या लाहोर डिव्हिजनमध्ये होती, म्हणजे फ्रान्समधल्या त्या चिखलात गुरखा पलटणींच्या सोबतीने. न्यूव्ह शापेलला आपल्या सैनिकांचं स्मारकही आहे.)

तिसरी लेन:
‘शकला असता’वर पदक देत नाहीत. आणि जॉन टेलरचं काय? सहकाऱ्याला बाद केलं म्हणून तो पुन्हा धावला नाही, वैयक्तिक पदकाची संधी सोडली. नंतर मेडली रिलेत (सगळ्यांचं अंतर सारखं नसलेल्या सांघिक शर्यतीत) सुवर्ण मिळवलं, कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडूचं पहिलं. त्याच डिसेंबरात टायफॉइडने गेला, २६ व्या वर्षी. त्याच्यावर कोण धागा काढतं?

पायवाट:
कुणी नाही, मीही नाही. ही चूक मान्य. टेलरवर वेगळा धागा काढतो, तुम्ही तिथे नक्की लिहा. हॉल्सवेलबद्दलचं मत मात्र तेच.